पंगत, हिशेब आणि दरबार : ख्रिस्ती श्रद्धेचं रोजचं वेगळेपण

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. शिक्षकाचं स्मरण करायचं तर त्यांची स्तुती करण्यापेक्षा एखादा प्रश्न नीट सोडवायला घेणं बरं, म्हणून मी आज प्रश्नच घेऊन आलो आहे. शेजारी राहणारा, आपल्याच कचेरीत काम करणारा, आपल्याच बाजारात भाजी घेणारा माणूस ख्रिस्ती आहे हे कशावरून कळावं? नावावरून, गळ्यातल्या क्रुसावरून, नाताळात दाराशी लागलेल्या चांदणीवरून कळतं, हे खरं. पण एवढी माहिती जनगणनेच्या तक्त्यातही मिळते. मला विचारायचं आहे ते असं : रविवारची उपासना आटोपली, सोमवार उजाडला, की त्या माणसाच्या श्रद्धेचा शेजाऱ्याला काही अनुभव येतो का?

सभागृहात ख्रिस्ती श्रोते आहेत, इतर धर्मांचे आहेत, कोणताच धर्म न मानणारेही आहेत. ख्रिस्ती श्रोत्यांशी मी घरच्या माणसाशी बोलावं तसं थोडं कडक बोलणार आहे. इतरांनी ते ऐकावं आणि वाटलं तर आपापल्या घराला लावून पाहावं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जे वेगळेपण फुकटात मिळतं, त्याला फारशी किंमत नसते. ते तपासायचं तर जिथे पदरचं काही सोडावं लागतं, अशा जागी तपासावं. पंगत, पैशाचा हिशेब आणि सत्तेचा दरबार या मला तशा जागा वाटतात.

सुरुवात जुन्या काळापासून करतो. ‘दिओग्नेतसला पत्र’ या नावानं ओळखलं जाणारं एक ग्रीक लिखाण आहे. ते दुसऱ्या शतकातलं मानलं जातं. लिहिणाऱ्याचं नाव राहिलेलं नाही. त्यात ख्रिस्ती लोकांची ओळख करून देताना लेखक आधी फरक पुसूनच टाकतो. या लोकांचा देश निराळा नाही, भाषा निराळी नाही, पेहराव निराळा नाही. ज्या गावात राहतात तिथलंच अन्न खातात, तिथल्याच चाली पाळतात. मग फरक कशात? ते सर्वांसारखी लग्नं करतात, त्यांना मुलं होतात, पण नकोशी झालेली तान्ही मुलं ते टाकून देत नाहीत. रोमन जगात मूल उघड्यावर टाकणं हा बापाचा अधिकार समजला जाई. बाकी सगळं शेजाऱ्यासारखं, आणि या एका ठिकाणी ठाम नकार. वेगळेपणाची इतकी नेमकी आखणी मी नंतरच्या ग्रंथांत क्वचितच पाहिली.

दुसरी साक्ष तर विरोधकाची आहे. इ.स. ११२च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन अधिकारी धाकटा प्लिनी यानं सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं काय करायचं? चौकशीसाठी त्यानं दोन दासींचा छळही केला. हाती आलं ते एवढंच : ठरलेल्या दिवशी हे लोक पहाटे जमतात, ख्रिस्ताला उद्देशून स्तोत्र म्हणतात आणि शपथ घेतात. ती शपथ कटाची नव्हती. चोरी करणार नाही, लूटमार करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही, अशी ती शपथ होती. आजच्यासारख्या बँका नव्हत्या, शेजाऱ्याच्या घरी ठेव ठेवायची त्या काळात हे शेवटचं कलम किती मोलाचं असेल, याचा विचार करा. पहाटेच्या प्रार्थनेतून थेट पैशाच्या व्यवहारात उतरणारा हा धर्म होता.

तिसरी साक्ष सम्राट जुलियनची. चौथ्या शतकात हा सम्राट जुन्या देवांची पूजा पुन्हा उभी करायला निघाला होता. आपल्या एका मुख्य पुरोहिताला लिहिताना तो चिडून म्हणतो की हे गालीली लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांना आपल्याकडून मदत मिळत नाही हे साऱ्यांना दिसतं. ख्रिस्ती समाजाला मिळालेलं याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाही. ते देणारा माणूस त्यांचा शत्रू होता, म्हणून ते अधिक खरं.

आता आपल्या मुलखात येऊ. गोव्यातल्या साष्टीत राहिलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यानं मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. पुराणाचा घाट, ओवीचा छंद, ऐकणाऱ्याच्या कानाची भाषा, सगळं इथलं. त्याच गोव्यात पुढे उलटा प्रवास झाला. १७३६ साली इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, हुकूम काढून बाटलेल्या घरांतल्या कितीतरी चालींवर बंदी घातली. अंगणात तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही, हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवायचा नाही. सत्तेनं वेगळेपण ठरवायला घेतलं की ते असं चुलीवरच्या भातापर्यंत पोहोचतं. आणि गंमत पाहा, ज्या गोव्यात तुळशीवर इतकी नजर होती, तिथे जात मात्र चर्चच्या आत सुखानं नांदली. बामण आणि चारडो या जातींच्या निरनिराळ्या कोंफ्राऱ्या, म्हणजे चर्चमधली भ्रातृमंडळं, राहिल्या, मानपान राहिले, सोयरिकी जातीतच होत राहिल्या. जे सोडायला सोपं होतं ते जबरदस्तीनं सोडवलं, आणि जे सोडणं जिवावर येत होतं त्याला कुणी हात लावला नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली दुसऱ्या तऱ्हेचा मोह आला. कोट, हॅट, टेबलखुर्ची आणि साहेबी चाल यांनाच काही लोक ख्रिस्तीपण समजू लागले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मोहाला निकरानं विरोध केला. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते काम करू लागले. भजन, कीर्तन, अभंग हे सारं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलं. लोकांनी त्यांना तुम्ही पुरते ख्रिस्ती झालाच नाहीत असंही ऐकवलं असेल. पण टिळकांचा वेगळेपणा पागोट्यात शोधणाऱ्याला तो सापडणारच नव्हता. तो त्यांच्या घरात होता.

त्या घराची गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितली आहे. १९३४ पासून भागाभागांनी आलेलं हे आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेत थोडं, मोठेपणी पूर्ण वाचलं असेल. नवऱ्यानं धर्म बदलला, बायको माहेरच्या माणसांत गेली, चारपाच वर्षांची ताटातूट झाली.  टिळकांनी जोर केला नाही. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे आल्या त्या आपलं सोवळं सोबत घेऊनच. एका छपराखाली एक ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि एक सोवळं पाळणारी ब्राह्मण स्त्री असा संसार चालला. बायकोच्या मनावर नवऱ्याची मालकी नसते, हे टिळकांनी व्याख्यानात सांगितलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी ते घरात पाळलं, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत एक क्रम महत्त्वाचा आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण जातिभेद त्याआधीच त्यांच्या मनातून उतरला होता. माणसामाणसातली ही उतरंड देवानं केलेली नाही, माणसानं केली, असं त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं ठरवलं, आणि मग कुणाच्याही हातचं पाणी, कुणाच्याही हातचं जेवण त्यांना चालू लागलं. पंगत आधी बदलली, नोंदवहीतला धर्म नंतर. पुढे याच बाई नगरच्या प्लेगच्या छावणीत आजाऱ्यांची शुश्रूषा करायला राहिल्या आणि पोरकी मुलं त्यांच्या घरात वाढली. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं, तेही त्यांनीच पुढे नेलं. शिक्षणाच्या नावानं हातात फारसं काही नसलेल्या या बाईचा अधिकार तिच्या स्वयंपाकघरातून आला होता.

पहिली जागा पंगतीची, आणि इथे आता कडक बोलायची वेळ आली. लक्ष्मीबाईंनी सोडलेली ती उतरंड आपल्या मंडळ्यांतून गेली का? नगर, जालना, सोलापूर या भागांतल्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य कुटुंबं महार आणि मांग समाजांतून आली. त्यांनी माणूस म्हणून उभं राहण्यासाठी हा धर्म घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिलं आहे, आणि ते सुखावणारं नाही. जात धर्मांतरितांबरोबर चर्चमध्ये आली, आणि अन्यायाविरुद्ध झगडण्याची उमेद मात्र त्यांच्यात मंदावली, असं त्यांचं निरीक्षण आहे. सरकारच्या वागण्यातही अन्याय आहेच. अनुसूचित जातींचा १९५०चा आदेश सुरुवातीला मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं गेलं, दलित ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. त्या अन्यायाविरुद्ध आपण निवेदनं देतो, मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण मोर्चातून घरी आल्यावर मुलीचं स्थळ पाहताना ‘मूळचे कोण?’ असा प्रश्न हळूच विचारला जात असेल, तर सरकारला ठणकावण्याचा आपला आवाज बसणारच. प्रभुभोजनाला एका भाकरीत वाटेकरी होणाऱ्यांनी लग्नाच्या पंगतीत निराळं बसावं, यासारखी दुसरी नास्तिकता नाही.

दुसरी जागा पैशाची. शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. त्या भेटीनंतर जक्कयनं काय केलं? अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायची आणि ज्याला ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करायचं, असं त्यानं जाहीर केलं. आपल्याकडे या गोष्टीवरचं प्रवचन बहुधा जक्कय झाडावर कसा चढला यातच रमतं. मुलांना तो भाग आवडतो. चौपट परतफेडीचा भाग मोठ्यांसाठी आहे आणि तो घाईत उरकला जातो. पश्चात्तापाचा हिशेब आकड्यांत मांडणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. चुकलो म्हणणं सोपं असतं. किती घेतलं, कुणाकडून घेतलं, परत किती द्यायचं, हे कागदावर लिहिणं अवघड.

आपले आजचे हिशेब कसे आहेत? घरकाम करणाऱ्या बाईचा पगार पहिल्या तारखेला होतो, की आपल्या सवडीनं? ती आजारी पडली तर दिवस कापले जातात? घर विकताना किमतीचा एक भाग रोख आणि कागदावर नसलेला असतो का? हुंडा नाव न घेता ‘मुलीच्या हौसेखातर’ या मार्गानं येतो का? आणि ख्रिस्ती संस्था? शाळा, रुग्णालयं, जमिनी, वसतिगृहं हे धन पूर्वजांच्या घामातून आणि दूरच्या गरीब देणगीदारांच्या पैशांतून उभं राहिलं. त्या जमिनींवरून मंडळ्यांमध्ये चाललेले कज्जे मी इथे मोजत बसत नाही. प्लिनीच्या काळातल्या त्या लोकांनी घेतलेली शपथ ठेवीचीही होती, एवढी आठवण करून देतो. मिशनच्या मालमत्ता ही आपल्याकडची ठेव आहे.

टिळकांचा एक निर्णय इथे सांगायलाच हवा. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात यावेत अशी कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार चालला नाही. तरी पंचावन्नी ओलांडलेल्या संसारी माणसानं महिन्याचा ठरलेला पैसा सोडून द्यावा, हे मला त्यांच्या कवितेइतकंच मोठं वाटतं. धर्माचं काम पगाराच्या ओझ्याखाली कसं वाकतं, हे त्यांनी आतून पाहिलं होतं.

तिसरी जागा सत्तेसमोरची. इथे पंडिता रमाबाईंना टाळून पुढे जाता येत नाही. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इंग्रजी राज्यात, इंग्रज भगिनींच्या मठात, इंग्रजी चर्चमध्ये आलेली ही बाई आता आज्ञेत राहील, असं अनेकांना वाटलं असावं. रमाबाई शाकाहारी राहिल्या. विश्वासाच्या प्रश्नांवर त्यांनी तिथल्या भगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी वाद घातले. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या स्वाधीन केलेली नाही, असा त्या वादाचा सूर आहे. परत येऊन १८८९ साली त्यांनी मुंबईत निराधार मुलीबायकांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला आलं. १८९३ साली मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं, ‘केसरी’नं झोड उठवली आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात सगळा दोष एका बाजूचा होता असं मी म्हणणार नाही. निराधार मुलीला आसरा देणाऱ्याच्या प्रार्थनेचंही तिच्यावर वजन पडतं, हा आक्षेप आजही प्रत्येक ख्रिस्ती संस्थेनं स्वतःला विचारावा असा आहे.

पण त्याच रमाबाईंनी १८९७ साली, पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू असताना, सरकारी व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, देणगीदार त्यांच्या ओळखीचे होते, गप्प राहणं सोयीचं होतं. त्या गप्प राहिल्या नाहीत. तरुण वयात दुष्काळात आईबाप गमावलेल्या या बाईनं १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलीबायका आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना शेती, विणकाम, छापखान्याची जुळणी शिकवली. भुकेलेल्याला जेवू घालणं आणि सत्ताधाऱ्याला जाब विचारणं ही एकाच श्रद्धेची दोन कामं आहेत, हे रमाबाईंमुळे कळतं. पहिलं केलं की कौतुक होतं, दुसरं केलं की त्रास होतो.

वसईतही हेच घडलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामांसाठी मोकळा होऊ लागला, विहिरींचं पाणी टँकरनं शहराकडे जाऊ लागलं, गोड्या विहिरी खाऱ्या होण्याची भीती दिसू लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात पुढे आले. धर्मगुरूनं पाण्यात आणि जमिनीत कशाला पडावं, असं अनेकांनी म्हटलं. त्या आंदोलनात वाडवळ, कोळी, सामवेदी, हिंदू, ख्रिस्ती सगळे होते, कारण विहीर कुणाचा धर्म पाहत नाही. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हाही त्यांच्या झग्यावर आक्षेप घेतले गेले. त्यांनी ‘सुबोध बायबल’ही लिहिलं आणि पाण्यासाठी रस्त्यावरही उतरले. वसईकरांच्या स्मरणात दुसरं काम पहिल्यापेक्षा कमी नाही.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, यात ख्रिस्ती ते काय? जात न पाळणं, प्रामाणिक हिशेब, अन्यायाला विरोध हे कुठलाही सज्जन करतो. महात्मा फुल्यांनी केलं, आंबेडकरांनी केलं, अनेक नास्तिक करतात. मला हे पूर्ण मान्य आहे आणि त्याचा आनंद आहे. चांगुलपणाचा मक्ता कुणाकडे नाही. ख्रिस्ती माणसावर तो बंधनकारक आहे, एवढाच फरक. सज्जन माणूस हे करतो; ख्रिस्ती म्हणवणाऱ्यानं हे केलं नाही तर तो स्वतःच्या तोंडच्या प्रार्थनेला खोटं पाडतो.

एका ठिकाणी मात्र ख्रिस्ताची मागणी सज्जनपणाच्याही पुढे जाते : वैऱ्याची क्षमा. १९९९ साली ओडिशातल्या मनोहरपूर गावात कुष्ठरोग्यांत काम करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जमावानं गाडी पेटवली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. शिक्षा देणं कायद्याचं काम आहे, मी मनात कडवटपणा ठेवणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या लगेच देश सोडून गेल्या नाहीत. बारिपदाला राहून कुष्ठरोग्यांचं काम त्यांनी पुढे पाच वर्षं चालवलं. या क्षमेत न्यायाला सुटी नव्हती आणि दुबळेपणाही नव्हता. आपल्यापैकी कुणावर असा प्रसंग न येवो. पण बांधाच्या वादात सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं न बोलणारे, मंडळीच्या निवडणुकीत हरले म्हणून चर्च बदलणारे आपण, ग्लॅडिसबाईंचं नाव अभिमानानं घेताना जरा थांबलेलं बरं.

समारोपाला उपदेश करत नाही, एक सूचना करतो. आपल्या प्रत्येक मंडळीची, धर्मग्रामाची वार्षिक सभा होते. उपासनेला किती आले, बाप्तिस्मे किती झाले, दानात किती जमा झालं, याचा अहवाल वाचला जातो. त्यात पुढच्या वर्षापासून आणखी तीन नोंदी घाला. जात न पाहता आपल्यात किती लग्नं झाली? आपल्या शाळेत, दवाखान्यात, चर्चमध्ये झाडू मारणाऱ्या, पहारा करणाऱ्या माणसाला पगार किती आणि तो वेळेवर झाला का? आणि गेल्या वर्षभरात, ज्यांच्याशी आपला धर्माचा काही संबंध नाही अशा कुणासाठी आपण सरकारदरबारी कुठे उभे राहिलो? हा अहवाल दार लावून वाचू नका. गावातल्या हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांना बोलवा आणि त्यांच्यासमोर वाचा. आकडे खरे आहेत की नाहीत, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतं.